विहीर आणि शौचकूप

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा मथळा फलकावर वाचून पुष्कळांनी नाक मुरडले असेल. वसंतऋतूतल्या संध्याकाळी शिवचरित्र किंवा संतवाङ्मय सोडून शौचकूपावर बोलणारा हा कोण, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, ते ज्या सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ होते त्या सभेकडे पुढे बारा-पंधरा वर्षांनी विलायतेहून काही पत्रे आली, आणि ती गावच्या विहिरी, गावचे उकिरडे आणि गावची घाण यांविषयीच होती. पत्रे लिहिणारी बाई होती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. तेव्हा आमचा विषय अगदीच पंक्तीबाहेरचा नाही.

आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. कायद्याची पुस्तके वाचावयास शिकलो ती कामगार न्यायालयाच्या बाकावर, पुढची तारीख पडण्याची वाट पाहत. त्यामुळे कोणताही कायदा हाती आला की आधी तीन गोष्टी शोधण्याची खोड आम्हांला जडली आहे : काम कोणी करावयाचे, त्याला पैसा कोठून यावयाचा आणि ते न झाल्यास शिक्षा कोणाला व्हावयाची. गावच्या पाण्याच्या रक्षणाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आम्ही याच खोडीने वाचला आहे. तो विद्वानांच्या पद्धतीहून वेगळा दिसला तर त्याचे कारण एवढेच.

नाइटिंगेलबाईंनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नाही. क्रिमियाच्या युद्धानंतर त्यांनी इकडच्या गोऱ्या पलटणींच्या आरोग्याचे आकडे गोळा केले. १८६३ साली त्या चौकशीचा मोठा अहवाल निघाला आणि त्यातून असे दिसले की शिपाई लढाईत मरत नाहीत त्याहून पुष्कळ अधिक पटकी, हगवण आणि ताप यांनी मरतात. पुढल्याच वर्षी तिन्ही इलाख्यांत आरोग्याचे सरकारी आयोग नेमले गेले. सरकारला काळजी छावणीची होती. बाईंची नजर मात्र हळूहळू छावणीच्या कुंपणापलीकडे, खेड्याकडे गेली. शेजारचे खेडे घाण पाणी पीत असेल तर छावणी किती दिवस शाबूत राहील, हा साधा हिशेब त्यामागे होता, आणि पुढे पुढे तर त्यांना खेड्याचीच काळजी लागून राहिली.

या पार्श्वभूमीवर मुंबई सरकारने १८८९ साली ग्रामस्वच्छतेचा कायदा केला. त्या वर्षीचा हा पहिल्या क्रमांकाचा कायदा. लहान गावी आरोग्य समिती, जरा मोठ्या व पुढारलेल्या गावी आरोग्य मंडळ, आणि त्यांनी गावच्या पाण्याचे व स्वच्छतेचे नियम करून ते मोडणाऱ्यास दंड करावा, अशी त्याची योजना. आज ग्रामपंचायतीची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिची ही पणजी म्हणावयास हरकत नाही. पिण्याच्या विहिरीवर कपडे धुऊ नयेत, गुरे धुऊ नयेत, काठावर शौचास बसू नये, घाण टाकू नये, या गोष्टी आपण आजही बोलतो. त्या सरकारी नियमाच्या भाषेत खेड्यात आल्या त्या या काळात.

आता आमचे तीन प्रश्न. काम कोणी करावयाचे? मंडळाचे सभासद गावातलेच प्रतिष्ठित. म्हणजे पाटलाने सावकाराच्या उकिरड्याबद्दल सावकाराला दंड करावयाचा आणि संध्याकाळी त्याच्याच ओसरीवर पान खावयास जावयाचे. पैसा कोठून? येथे खरी मेख होती. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी १८६९ च्या कायद्याने बसलीच होती. तिचा पैसा रस्त्यांना आणि शाळांना जाई. शाळा हव्याच होत्या, आम्ही काही शाळांचे वैरी नाही, पण विहिरीच्या वाट्याला काय उरे, याचा विचार आपण करावा. ज्या गावाने पट्टी भरली त्या गावच्या आरोग्याचा तिच्यावर पहिला हक्क असावा, असा नाइटिंगेलबाईंचा आग्रह होता. त्यांनी त्यासाठी भारतमंत्र्यांपर्यंत लिहापूस केली. १८९४ साली बुडापेस्टच्या आरोग्य परिषदेसाठी त्यांनी हिंदी खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध लिहिला. लोकांना दंडापेक्षा शिकवण द्यावी, जादूच्या दिव्याने पडद्यावर पाण्यातले किडे दाखवावेत, हेही त्यांचेच सांगणे. म्हणजे व्याख्यानमालाच की! पट्टी मात्र रस्त्यांवरच खर्च होत राहिली.

तिसरा प्रश्न शिक्षेचा. त्यासाठी १८८९ च्या पुढच्या वर्षाचा एक दुसरा कायदा शेजारी ठेवून वाचावा लागतो. मुंबई शहरात मैला उचलणाऱ्यांना हलालखोर म्हणत. त्या सुमारास त्यांनी काम बंद पाडून शहराच्या तोंडचे पाणी पळवले होते. १८९० साली मुंबई सरकारने म्युनिसिपल नोकरांचा कायदा केला आणि स्वच्छतेच्या नोकराने परवानगीवाचून काम सोडणे हा कैदेचा गुन्हा ठरवला. गिरणीतल्या साळ्याने काम सोडले तर त्याचा पगार बुडे, मैला उचलणाऱ्याने सोडले तर त्याला तुरुंग. श्रोतेहो, हे दोन कायदे एकाच सरकारने वर्षाच्या अंतराने केले आहेत. घाण करणाऱ्यास किरकोळ दंड आणि घाण काढण्याचे नाकारणाऱ्यास कैद. आमच्या मते सार्वजनिक आरोग्याच्या आपल्या कायद्यांची पुढची सारी कुंडली या दोन वर्षांत मांडली गेली.

पाण्याचे रक्षण इंग्रजांनी शिकवले, त्यापूर्वी आपल्याला ते ठाऊक नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळाने पुण्यात आणून हौदांत सोडले होते आणि ते काम आजही पाहणाऱ्याला थक्क करते. परंतु आपण पाणी राखत होतो ते कशापासून? एका माणसाच्या सावलीपासून आणि स्पर्शापासून. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा शहराला ती पाण्याची नासाडी वाटली. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोल्यांचा ठराव झाला, महाड नगरपालिकेने तो मानला, तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले म्हणून मारहाण झाली आणि नंतर एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. कॉलऱ्याचा जंतू कोखने १८८४ साली कलकत्त्यातल्या एका तळ्यात दाखवून दिला होता. म्हणजे महाडच्या प्रसंगाआधी त्रेचाळीस वर्षे पाण्याला खरा विटाळ कशाने होतो हे जगाला कळले होते, आणि आपल्याकडे तळ्यावरचा पहारा उलट्या दिशेला तोंड करून उभा होता. ज्याच्या हातांनी गावची घाण पाण्यापासून दूर नेली जात होती, त्यालाच पाण्यापासून दूर ठेवण्यात आपले आरोग्यशास्त्र संपले होते.

आता आपल्या केडगावाकडे येऊ. केडगावाला जगाच्या नकाशावर नेले पंडिता रमाबाईंनी, हे आपण जाणताच. पण त्या केडगावास कशा आल्या यात आरोग्याच्या बंदोबस्ताचा केवढा हात होता, ते सहसा सांगितले जात नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग शिरला. साथरोगांचा कायदा १८९७ सालचाच. त्या बंदोबस्तात शहरातील शारदा सदनात आणखी मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली, आणि रमाबाईंनी त्या मुलींना येथल्या माळावर, आगगाडीच्या रस्त्यालगत घेतलेल्या शेतावर आणले. प्लेगच्या रुग्णालयात एका मुलीची जी आबाळ झाली तिच्याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले आणि त्यावर थेट गव्हर्नर सँडहर्स्टना उत्तर देणे भाग पडले. प्लेग कशाने येतो याची खात्री तेव्हा अधिकाऱ्यांनाही नव्हती. उंदरावरची पिसू १८९८ साली सीमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखवली आणि त्याचे म्हणणे सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत माणसांची घरे धुऊन काढण्याचा सपाटा चालू होता.

येथे, मुक्तीच्या आवारात, १९०० सालच्या दुष्काळानंतर दोन हजारांच्या आसपास माणसे राहत होती. एवढी वस्ती म्हणजे त्या काळचा एक लहान कसबाच. तिला विहिरी खोदाव्या लागल्या आणि तिला शौचाचीही व्यवस्था करावी लागली असणारच. एका ठिकाणी माणसे एकवटली की विहीर आणि शौचकूप ही जुळी भावंडे होतात. एकीची काळजी करून दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही. खेडे विरळ होते, माळ मोकळा होता, तोवर ऊन आणि माती यांनी पुष्कळसे काम फुकट केले. केडगाव स्टेशन वाढले, बाजार वाढला, गुऱ्हाळांवर आणि कांद्याच्या वखारींवर परमुलखातले मजूर आले, चौफुल्यापर्यंत दुकानांची रांग लागली, आणि फुकटचा मजूर जो माळ, तोच नाहीसा झाला.

त्याची जागा घेतली सेप्टिक टाकीने. या टाकीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. फ्रान्समध्ये मूरास नावाच्या गृहस्थाने तशी बंद टाकी बांधली व १८८१ साली तिचे हक्क नोंदवले. इंग्लंडात एक्सेटर शहराच्या कॅमेरन नावाच्या अधिकाऱ्याने १८९५-९६ च्या सुमारास तिला सेप्टिक, म्हणजे कुजवणारी, हे नाव दिले. आणि लगोलग, १८९७ साली, ती आपल्या मुंबईत माटुंग्यास दिसते! तेथे १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांनी निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला होता. (हेच ते अ‍ॅकवर्थसाहेब, ज्यांनी शाळिग्रामांच्या साह्याने आपले ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापले.) त्या आश्रमाच्या मैल्याच्या टाक्यांवर झाकणे बसवून आतला वायू धरला गेला आणि त्यावर इंजिन चालवले गेले. गोबरगॅसचे इतिहास लिहिणारे जगभरचे लोक माटुंग्याचे नाव घेतात. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले होते, त्यांच्या विष्ठेवर चाललेले हे इंजिन मुंबई इलाख्यातल्या यंत्रयुगाचे एक मानाचे पान आहे असे आम्ही समजतो.

टाकीचे काम कसे चालते हे थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांची अशी समजूत आहे की सेप्टिक टाकीतून बाहेर पडते ते पाणी स्वच्छ असते. तसे मुळीच नाही. टाकीत तीन थर होतात. जड ते तळाशी बसते, त्याचा गाळ. तेलकट व हलके ते वर येते, त्याची दुधावर यावी तशी साय. मधले पाणी पलीकडच्या नळाने बाहेर पडते. हवेवाचून जगणारे जंतू गाळ खातात आणि त्याचा काही भाग वायू व पाणी करून टाकतात, पण सगळा गाळ कधीच संपत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगाचे जंतू भरपूर असतात. ते मारण्याचे काम टाकीचे नव्हेच, ते पुढच्या शोषखड्ड्याचे आणि त्याच्या भोवतालच्या मातीचे. म्हणून भारतीय मानकाने टाकीची मापे सांगितली : रुंदी निदान पाऊण मीटर, पाण्याची खोली निदान एक मीटर, मावणारे पाणी निदान हजार लिटर. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून अठरा मीटर, म्हणजे साठेक फूट, दूर ठेवावयास सांगितले. दोन-तीन वर्षांनी गाळ काढावा हेही ओघाने आलेच, नाहीतर गाळ टाकी भरून शोषखड्ड्यात उतरतो, माती तुंबते, आणि मग मैला भुईतून वर येतो किंवा भुईखालून विहिरीत जातो.

साठ फूट हे अंतर कागदावर मोठे दिसते. आपल्या दख्खनच्या भुईत मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही. येथे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पत्थर. काळी माती पाणी मुरू देत नाही, ती फुगून बसते. मुरूम भरभर सोडतो. पत्थराला जेथे भेगा असतात तेथे पाणी नळातून जावे तसे दूर पळते. वाळूत साठ फुटांत जंतू गाळले जातात, भेगेत सहाशे फूटही कमीच. शिवाय आपला भाग कालव्याचा. खडकवासल्याचे धरण झाल्यावर मुठेचा उजवा कालवा भीमथडीत आला. पिंपळगावचा माटोबा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी कामावर आलेल्या माणसांच्या हातून झाला. कालव्याने ऊस आणला, उसाने खत मागितले, आणि हवेलीच्या बागाइतदारांनी पुण्याच्या मैल्याचे खत आधी नाक दाबून व पुढे चढाओढीने विकत घेतले. त्याला आपल्या भाषेने नाव दिले सोनखत! मैल्याला सोने म्हणणारी भाषा तो वाहणाऱ्याला काय म्हणत होती, ते येथे उच्चारीत नाही. पण मुद्दा असा की पाटाच्या पाझराने विहिरींचे पाणी वर येते. भुईतले पाणी जितके वर, तितका त्याचा आणि शोषखड्ड्याचा सोयरसंबंध जवळचा.

स्वातंत्र्य आले तेव्हा या प्रश्नाकडे दोन दिशांनी पाहिले गेले. एक दिशा समितीची. मुंबई राज्याने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली भंगी कामगारांच्या स्थितीची चौकशी करविली आणि १९५२ साली अहवाल आला. डोक्यावरच्या टोपलीतून अंगावर गळणारा मैला त्या पानांतून सरकारदरबारी पोहोचला. टोपल्या बंद करून हातगाड्या द्याव्यात, ही शिफारस पुढे साऱ्या देशाला कळवण्यात आली. बर्व्यांच्या कळकळीविषयी आम्हांला आदर आहे. तरी टोपलीची हातगाडी होण्यात माणूस सुटला नाही, फक्त त्याचे डोके सुटले.

दुसरी दिशा खटपट्या माणसांची. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला, तेव्हा त्यांनी अन्न सोडले आणि येरवड्यात गांधीजीही त्यांच्यासाठी उपाशी राहिले. पुढे कणकवलीस गोपुरीत अप्पांनी मैल्याचे खत करणारे, हाताने उपसावे न लागणारे संडास बसवून दाखवले. त्याच परंपरेत आपल्या जिल्ह्यातले डॉ. मापुसकर. १९६० च्या सुमारास ते देहूच्या दवाखान्यात आले. औषधे देऊन हगवण थांबत नाही, ती शौचकूपाने थांबेल, असे म्हणून त्यांनी काही संडास बांधवून घेतले आणि पहिल्याच पावसाळ्यात ते खचले. लोक हसले. डॉक्टर हटले नाहीत. पुष्कळ वर्षे घरोघर खपून त्यांनी देहू गाव संडासांचे केले आणि मैल्यावर चालणारा गॅसही लोकांच्या चुलीपर्यंत नेला. तुकोबांच्या गावात हे घडले याचा आम्हांला विशेष आनंद वाटतो, कारण तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्याच दारावरून, यवत-वरवंडच्या वाटेने जाते, आणि एके काळी पटकीही याच वाटेने, याच गर्दीबरोबर प्रवास करीत असे.

कायद्याची गाडीही चालू होती. १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला, १९६२ च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा आल्या, १९६९ साली महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला, तो केंद्राच्या कायद्याच्याही आधी पाच वर्षे. १९९३ साली सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या पाचशे मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास बंदी आली. हा शेवटचा नियम नीट पाहावा. शेजाऱ्याने पाणी ओढू नये म्हणून पाचशे मीटर आणि शेजाऱ्याचा मैला येऊ नये म्हणून अठरा मीटर! पाणी किती आहे याची काळजी आपण ते कसे आहे यापेक्षा नेहमीच अधिक केली.

हे सगळे फुकट गेले असे म्हणणे मात्र खोटे होईल. नारूचेच पाहा. पायऱ्यांच्या बारवेत माणूस पाय बुडवून पाणी भरी, त्याच्या पायातला नारू पाण्यात अळ्या सोडी आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने तो बाहेर येई. १९८३-८४ पासून देशभर मोहीम झाली. पायऱ्या बुजवून रहाट बसवले, पाणी गाळावयास फडके दिले, गावोगाव रोगी मोजले. १९९६ साली देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. नियम, पैसा आणि दारोदार फिरणारा माणूस ही तिन्ही एका वेळी हजर होती.

आज गावात तो माणूस आहे, त्याचे नाव जलसुरक्षक. टी.सी.एल.ची पावडर कालवून टाकीत सोडावयाची, नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो की नाही हे रोज पाहावयाचे, हे त्याचे काम. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, गावच्या पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळते : धोका मोठा तर लाल, मध्यम तर पिवळे, थोडा तर हिरवे, आणि सलग पाच वर्षे हिरवे असेल तर चंदेरी. पद्धत उत्तम आहे, शाळकरी पोरालाही कळते. पण हा जलसुरक्षक बहुधा पाणी सोडणारा, पट्टी गोळा करणारा, दिवे लावणारा असा एकच कर्मचारी असतो. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या सभांतून आम्ही हिंडलो आहो. किमान वेतन वेळेवर मिळावे म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांत हाच माणूस पुढे असतो. गावच्या सगळ्या पोटांची जोखीम ज्याच्या हातात, त्याचेच पोट उधारीवर.

आणि त्याच्या वहीत विहिरी आहेत, शौचकूप नाहीत. हेच आमचे आजचे मुख्य म्हणणे आहे. २०१४ नंतर स्वच्छ भारताच्या बारा हजारांच्या अनुदानाने गावोगाव संडास झाले. त्याआधी २०००-०१ पासून गाडगेबाबांच्या नावाचे अभियान चालू होतेच. संडास मोजले गेले, त्यांची छायाचित्रे निघाली. खाली एक खड्डा आहे की दोन, टाकी आहे की नुसती विहीरच बांधली आहे, शोषखड्डा कोठे आहे, हे मोजले गेले नाही. बांधकामाची परवानगी कोठे ग्रामपंचायत देते, कोठे महसूल खाते, कोठे महानगर प्रदेशाचे प्राधिकरण. घर बांधून झाल्यावर टाकीच्या झाकणाखाली वाकून पाहणारा या तिघांपैकी कोणाचाच नसतो.

टाकी भरली की गाडी बोलवावी लागते. गाडी महाग पडली किंवा बोळात शिरली नाही की माणूस बोलावला जातो. २०१३ च्या कायद्याने कोणालाही साधनांवाचून टाकीत उतरवणे गुन्हा आहे. उतरवणारी संस्था असो वा घरमालक असो, पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. १८९० मध्ये कैद कामगाराला होती, २०१३ मध्ये ती मालकाकडे वळली. एकशेतेवीस वर्षांत झालेली ही सुधारणा आम्ही लहान मानीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूस दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपये भरपाई ठरवून दिली. तरीही २०२२ च्या मार्चमध्ये, येथून सोलापूर रस्त्यानेच पुण्याकडे जाताना लागणाऱ्या लोणी काळभोरजवळ, कदमवाकवस्तीत, एका टाकीत चार माणसे गुदमरून मेली. अशा ठिकाणी बहुधा एक जण पडतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा. त्या कुजक्या वायूचा वास पहिल्या क्षणी येतो आणि पुढच्या क्षणी नाकच बधिर होते, म्हणून माणसाला वाटते की हवा सुधारली.

हे अटळ आहे काय? नाही. वाईच्या आणि सिन्नरच्या नगरपालिकांनी वेगळी वाट काढली. मालकाने हाक मारण्याची वाट न पाहता शहराचे भाग पाडून, ठरल्या क्रमाने, साधारण तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा गाडीने उपसावयाची. खर्च घरपट्टीबरोबरच्या करातून. काढलेला मैला नाल्यात न सोडता शुद्धीकरणाच्या ठिकाणी न्यावयाचा. कृष्णाकाठच्या वाईला ते जमते, तर भीमाकाठच्या गावांना न जमण्यासारखे त्यात काही नाही. मात्र ग्रामपंचायतीला एकटीला गाडी आणि केंद्र दोन्ही परवडणार नाहीत. केडगाव, बोरीपार्धी, वरवंड, पाटस, पलीकडच्या तीरावरची शिरूर तालुक्यातली गावे, अशी पाच-दहा मिळून हे करावे लागेल, जसे साखर कारखान्यासाठी पूर्वी एकत्र आलो.

न केल्यास काय होते, ते २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावर दिसले. नांदेड, किरकटवाडी ही कालपरवापर्यंत ग्रामपंचायतीची गावे, २०२१ साली महापालिकेत गेली. इमारती आधी आल्या, शुद्धीकरण केंद्र आले नाही, पाणी विहिरीतून आणि टँकरांतून येत राहिले. एकाएकी धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गियाँ-बारे नावाचा तो आजार, रोगी दोनशेच्या घरात गेले, काही दगावले. अनेकांच्या तपासणीत जुलाबाचा कॅम्पिलोबॅक्टर जंतू निघाला आणि बोट पाण्याकडे गेले. गाव ग्रामपंचायतीच्या वहीतून निघून महापालिकेच्या वहीत नीट लिहिले जाईपर्यंतच्या मधल्या काळात त्याच्या विहिरीचा धनी कोण?

आपणही पुण्याच्या खालच्या अंगाला आहो. मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि मुंढव्याहून शहराचे वापरलेले पाणी उपसून कालव्यात सोडले जाते ते याच बाजूच्या शेतांसाठी. शहराला त्याबद्दल अवश्य जाब विचारावा. पण जाब विचारावयास जाण्याआधी येत्या ग्रामसभेत एक वही घालावी, असे आम्ही सुचवतो. तिला पाच रकाने पुरेत : घर कोणाचे, टाकी कोणत्या साली बांधली, जवळच्या विहिरीपासून किंवा विंधन विहिरीपासून किती फूट, शेवटची कधी उपसली, आणि ती उपसावयास कोण आला होता.